मण्याची शिट्टी

६ नोव्हेंबर १९७८, पूर्णा

आली एकदाची ना हरकत! मोठ्या साहेबांनी स्वतः पार्सल ऑफिसात येऊन हातात दिली. दोन वर्षं बिनपगारी रजा, रेल्वेची नोकरी शाबूत. पासपोर्ट आधीच आलाय. मस्कतचं पत्र तर जूनपासून ट्रंकेत आहे — तिथल्या लीगच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभं राहायचं, शिवाय तिथल्या पोरांना हे काम शिकवायचं. १४ जानेवारीला मुंबईहून विमान.

सगळ्यांनी पेढे मागितले, दिले. कलकत्त्याला, दिल्लीला मोठमोठ्या मॅचेस करून आलो की हीच मंडळी विचारायची, 'मग लिंगराज, गोल किती मारले?' आज मात्र रेफरी म्हणजे काय ते सगळ्यांना एकदम समजलं. विमानात बसणारा माणूस.

आनंद व्हायला पाहिजे. होत नाही. कारण शोधत बसायची गरज नाही, ते मला माहीत आहे. लिहायला हात धजत नाही, एवढंच.

७ नोव्हेंबर

बाकीच्यांना ना हरकतीला सहा-सहा महिने लागतात. मला एकोणीस दिवस. कामाची कदर झाली म्हणायची.

१२ नोव्हेंबर, रविवार

रेल्वेच्या मैदानावर लोको शेड विरुद्ध ट्रॅफिक खातं. दोन-एक. लाइनवर सूर्यभान. शेडमधला खलाशी, म्हणजे इंजिनांवरचा मजूर, माझ्याच हाताखाली शिकलेला. मराठवाड्यात त्याच्या तोडीचा लाइनमन नाही, हे मी कुठंही छातीठोक सांगीन. ऑफसाइडचा झेंडा वर केला की मी बघेपर्यंत खाली घेत नाही. तसंच शिकवलंय मी त्याला.

मॅच संपल्यावर झेंडा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, 'साहेब, ही प्लास्टिकची शिट्टी कशाला वापरायलाव? तुमची ती कलकत्त्याची कुठाय?'

'हरवली,' म्हणालो.

'कवा?'

'झाले दोन-तीन महिने.'

सायकल घेऊन निघून गेला.

ऑगस्टपासून तो असाच कमी बोलतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्यात आमच्याच गावात त्याचा बाप गेला. आश्रुबा. आमच्या शेतात जन्म काढलेला माणूस. मला लहानपणापासून लिंगूमालक म्हणायचा, मी नको म्हणालो तरी. दर रविवारी चुडाव्याहून पॅसेंजरनं यायचा, पोरासाठी भाकरी बांधून. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी मांडी घालून बसायचा. खेळातलं ओ की ठो कळायचं नाही त्याला. बघायचा फक्त माझ्याकडं. म्हणायचा, 'लिंगूमालक फुंकले की समदे जाग्यावर थांबतेत. हे लय ब्येस हाय.'

ती जागा आता मोकळी असते. तिकडं बघायचं टाळतो मी. कॉर्नर मिळाला की बघावंच लागतं.

२० नोव्हेंबर

पोलीस जमादार किशनराव ऑफिसात आला. अंगात सदरा-पायजमा, म्हणून ओळखायलाच वेळ लागला. निलंबित आहे. दंगलीच्या दिवशी आमच्या गावात बंदोबस्ताला हा एकटाच होता. बौद्धवाड्यातल्या लोकांनी चौकशीत सांगितलंय की जाळपोळ चालू असताना पोलिसाची शिट्टी वाजली, पोलीस आला म्हणून आश्रुबा ज्वारीतून बाहेर निघाला, आणि पोलीस मात्र शिट्टी मारून पळून गेला. बाहेर निघालेल्या आश्रुबाच्या डोक्यात काठी बसली.

'साहेब, मी तवा चुडाव्याच्या टेशनावर होतो. जादा माणसं मागवायला फोन लावायलो होतो. गाव सोडलं ही चूक माझी, मानतो. पण शिट्टी मी मारली न्हाई.'

मग खरं काम सांगितलं. आश्रुबाची बायको कमलबाई जबाबात म्हणाली की शिट्टी खुळखुळ वाजली. किशनराव म्हणतो, पोलिसाची शिट्टी खुळखुळत नसते. 'तुमी शिट्टीतले जाणकार. तेवढं एका कागदावर लिहून द्या. तुमच्या सहीला वजन हाय. तुमी फॉरेनला चाललाव.'

बघतो म्हणालो. चहा मागवला. त्यानं बशीत ओतून पिला. माझा तसाच गार झाला.

२१ नोव्हेंबर

लिहून टाकतो. वहीला तरी खोटं सांगू नये.

किशनराव खरं बोलतोय. पोलिसाची शिट्टी नळीसारखी असते, आत काही नसतं, आवाज सरळ जातो. माझी पोटाची, आत बुचाचा मणी. फुंकली की मणी फिरतो आणि आवाज खुळखुळतो. अख्ख्या पूर्णा भागात तशी शिट्टी एकच आहे. हरवलेली वगैरे नाही. ट्रंकेत आहे, मोज्यात गुंडाळून.

ऑगस्टची चार तारीख. नांदेडची मॅच दंगलीमुळं रद्द झाली, म्हणून परत येताना चुडाव्याला उतरून चालत गावाकडं गेलो. आई गावी होती, तिला पूर्ण्याला घेऊन यायचं होतं. वेशीपाशी पोचलो तर बौद्धवाड्यातून धूर. शे-दीडशे माणसं. भांडी, गोधड्या बाहेर फेकायलेली, छपरांना काड्या लावायलेली. वाड्यातले लोक हायब्रीडच्या ज्वारीत दडलेले होते, ते मला माहीत नव्हतं. मी ओरडलो. कोण ऐकतो! मग हात आपोआप गळ्यात गेला. माझ्या गळ्यात दोन दोऱ्या असतात — एकीला लिंगाचा चौका, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी, दुसरीला शिट्टी. शिट्टी हाताला लागली. लांब फुंकली. फाउलला फुंकतो तशी.

आणि थांबले. शे-दीडशे माणसं होती तिथं थांबली. खोटं कशाला लिहू, त्या वेळी मला बरं वाटलं. जमलं असं वाटलं. सवयीनं घड्याळ बघितलं. पाच बेचाळीस.

तेवढ्यात ज्वारीतून आश्रुबा बाहेर आला. माझ्याकडंच बघत होता. पोलीस आला असं वाटलं असणार त्याला, दुसरं काय वाटणार. इकडं गर्दीतून कोणी तरी मला ओळखलं. 'आरं, हा तर आपला फुटबॉलवाला लिंगू!' सगळे हसले. हसून झाल्यावर पुन्हा सुरू. किराणा दुकानवाला बन्सीधर पुढं होता. काठी त्याची. मी बघितलं. पंधरा पावलांवरून, मधे कोणी नाही. तेवढ्या अंतरावरून मी आजवर चुकलेलो नाही.

बसवंतदादा गर्दीत होता. माझा चुलतभाऊ. बाप गेल्यावर यानंच मला शिकवलं. पहिला फुटबॉल यानंच परभणीहून आणून दिला होता. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. डबा खाली ठेवून आला, माझा खांदा धरला. 'चल घरी. तू काय बघितलं न्हाईस.' आणि मी गेलो. आश्रुबा तिथं पडलेला होता आणि मी भावाच्या मागं मागं घरी गेलो. आठ दिवसांनी तो दवाखान्यात वारला.

घरी जाऊन खिशातलं कार्ड काढलं, ताकीद दिलेल्या खेळाडूंची नावं लिहितो ते. वेळ लिहिली, नावं लिहिली. बन्सीधर. बसवंत. आणखी चार. पंधरा वर्षांची सवय, त्यात शौर्य काही नाही. कार्ड अजून आहे. पासपोर्टात ठेवलंय.

२२ नोव्हेंबर

कालचं वाचलं. पान फाडावं वाटलं. फाडलं नाही.

३ डिसेंबर, रविवार

किशनरावचा कागद लिहायला बसलो. 'पोलीस शिट्टीत मणी नसतो, सबब तिचा आवाज खुळखुळत नाही.' एवढं एकच वाक्य. खरं आहे. कोणाचं नाव नाही. त्या वाक्यावर किशनराव सुटतो आणि मी विमानात बसतो. अर्धा तास फार हुशार वाटलं मला स्वतःला.

मग चौकशीचा साहेब विचारणार, पोलिसाची नाही तर कोणाची? मण्याची शिट्टी ठेवतं कोण? आणि कागदाखाली सही कोणाची — लिंगराज, फुटबॉल रेफरी, पूर्णा. साहेब काही दूधखुळा नसणार.

मग जबाब. मग कोर्ट. मग तारखा. एकदा साक्षीदार झालो की कसलं मस्कत. दोन वर्षं तरी गेली, आणि मला आत्ताच एकोणचाळीस चालू आहे. दोन वर्षांनी तिकडं पळायला कोण बोलावतंय मला? आयुष्यात मिळालं ते एवढंच मिळालं.

कागद वहीत घालून ठेवला.

९ डिसेंबर

आईच्या शंका. मस्कतात ज्वारी मिळती का? पूजेला बेल कुठून आणशील? समुद्राचं पाणी लिंगाला चालतं का? माझी बायको महानंदा म्हणाली, 'आत्याबाई, तुमचं लेकरू फुटबॉल खेळवायला चाललंय, मठ बांधायला न्हाई.' आई पण हसली.

सकाळी पूजेला डाव्या तळहातावर लिंग घेतो आणि विभूती लावायचीच विसरतो. आईनं बघितलं आज. 'परमुलखाची धास्ती घेतलीस बाबा तू,' म्हणाली. हो म्हणालो.

१७ डिसेंबर, रविवार

माझ्या निरोपाची मॅच. भाषणं, नारळ, शाल. भाषणात दिनकरराव गार्ड म्हणाले, 'लिंगराजनं कधी कोणाचं तोंड बघून निर्णय दिला नाही.' टाळ्या. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

खेळात तर लाज गेली. शेडचा गोल झाला, मी दिला. मध्यावर बॉल ठेवला, शिट्टी मारली, खेळ सुरू. ट्रॅफिकची पोरं ओरडायला लागली. बघतो तर लाइनवर सूर्यभान — झेंडा वर. गोलच्या आधीपासून वर. ऑफसाइड होता. पण खेळ पुन्हा सुरू झाला की गोल मागं घेता येत नाही, कायदा तसा आहे. निरोपाच्या मॅचला चुकीचा गोल देऊन चाललो.

नंतर त्याला म्हणालो, 'माझ्या लक्षात आलं नाही रे.'

म्हणाला, 'तुमी बघितलंच न्हाई, साहेब.' रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर

कालचा गोल डोळ्यासमोरून जात नाही. गोलचंच दुःख आहे असं महानंदाला वाटतं. 'येवढं काय त्यात, मॅचच होती की,' म्हणते.

२९ डिसेंबर

वेळ अमावस्या. गावी गेलो. आई, महानंदा, सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, आत पाच पांडवांचे दगड मांडलेले, भज्जी, उंडे, आंबील. बसवंतदादा स्वतः वाढत होता. दरवर्षी येळवशीला बौद्धवाड्यातले लोक आमच्या कोपीवर यायचे. आश्रुबा आंबील प्यायला बसला की उठायचं नाव घ्यायचा नाही. यंदा कोणी आलं नाही. आंबिलीचं मडकं अर्धं राहिलं. शेतातून वाड्याच्या भिंती दिसतात. अजून काळ्या आहेत. छपरं नाहीत.

जेवणं झाल्यावर दादा मला बांधावर घेऊन गेला. 'आता जायच्या आत गावाकडं यिऊ नकोस. किशनराव तुझ्याकडं चकरा मारायलाय म्हणं.'

म्हणालो, कागद मागतोय.

'दिऊ नको. तू सुटलास समज. ना हरकत किती दिवसांत हाती आली? एकोणीस ना? म्या वरून चिठ्ठी आणून दिलती तुझ्या सायबाला.'

दादा दात कोरत होता.

'तू हितं ऱ्हाईलास तर कवा ना कवा तुझ्या तोंडातून निघंल, लिंगू. मला तुझा सोभाव ठावं हाय. तिकडं वाळूत जाऊन किती बोंबलायचं ते बोंबल.'

एकोणीस दिवस. मी इथं लिहून ठेवलंय, कामाची कदर म्हणून. मागचं पान काढून पुन्हा वाचलं. माझ्याइतका मूर्ख माणूस पूर्णा जंक्शनवर दुसरा नसेल. मला बोलावलं ते माझ्या कामावर, त्यात खोट नाही. पण मला धाडतोय तो बसवंतदादा. आणि मी दादाचा राग करावा तर तोही येईना धड. बांधावरून परत येताना त्यानं माझ्या चपलेतला काटा वाकून काढला, लहानपणी काढायचा तसा.

२ जानेवारी १९७९

किशनराव आला. चौकशीची तारीख लागली. पंधरा जानेवारी, परभणी. कागद नुसता चालत नाही, जाणकार स्वतः हजर पाहिजे, असं साहेब म्हणाला.

'माझं विमान चौदाला आहे,' म्हणालो.

त्यानं तारखेचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, 'गावात पोरं माझ्या मागं शिट्ट्या वाजवतेत, साहेब. माझा पोरगा शाळंत जाईना झालाय. बरं, जावा तुमी. चांगल्या कामाला चाललाव. कुणाचं तरी बरं व्हायलंय.'

जाताना दारात वाकून चप्पल घातली आणि मला नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला. ह्या हातानं केला.

३ जानेवारी

जाऊ नये.

४ जानेवारी

जावं. थांबून आश्रुबा परत येणार आहे का?

७ जानेवारी

ट्रंक भरायचं काम महानंदानं घेतलं. दोन काळे ड्रेस, बूट, तिळाच्या पोळ्या, विभूतीची पुडी. मोजे भरताना हाताला काही लागलं, तिनं काढून बघितलं. शिट्टी.

'ही तर हरवली म्हणत होता की.'

तिनं शिट्टी उलटी-पालटी केली. मणी आतल्या आत वाजला. कमलबाईचा जबाब तर सगळ्या पूर्ण्याला तोंडपाठ आहे. महानंदाला कळलं. तोंडावरून दिसलं मला, कळताना. तिनं शिट्टी परत मोज्यात घातली, मोजा तळाशी ठेवला, वर कपडे रचले. संध्याकाळी स्वयंपाक केला, वाढलं. माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही.

११ जानेवारी

निघायच्या आधी कमलबाईला भेटून यावं म्हणून सूर्यभानच्या क्वार्टरवर गेलो. तो ड्यूटीवर होता. ती दारात तूर पाखडायली होती. उठली, पाणी दिलं. मी विचारलं नव्हतं तरी सांगायला लागली. ज्वारीत दोघं शेजारी दडले होते. शिट्टी वाजल्यावर आश्रुबा उठायला लागला, तिनं धोतर धरलं. 'म्या म्हणलं, जाऊ नगासा. तर हासला. हासत म्हणला, “सोड, आता कायबी व्हत न्हाई.” त्या शिट्टीवाल्या पोलिसाचं तळपट हुईल.'

ते मी ऐकून घेतलं. मग तिनं मला तिळगूळ दिला. सण चौदाला आहे, पण तुमी नसणार म्हणून, असं म्हणाली. खाल्ला. तिच्या समोर उभा राहून खाल्ला.

तो हसला का असेल? पोलीस आला म्हणून त्या वाड्यातला माणूस हसेल?

उद्या सकाळची गाडी.

१२ जानेवारी, मानवत रोड

उतरलो. ट्रंक फलाटावर आहे, मी ट्रंकेवर बसलोय.

पूर्ण्याला गार्डानं हिरवी झेंडी दाखवल्यावर सूर्यभान खिडकीशी आला. हार-तुरे चालले होते तोवर लांब उभा होता. म्हणाला, 'साहेब, माय म्हणती पोलीस होता. समदा वाडा तेच म्हणतो. पण बा दवाखान्यात शुद्धीवर आला तवा मला एकट्याला म्हणला, पोलिसाची नव्हती. लिंगूमालकाची शिट्टी होती. म्या वळखली. आता समदे थांबतेत म्हणून मी ज्वारीतून निघालो.'

गाडी हलली. तो चार पावलं बरोबर चालला. 'मी वाट बघायलो होतो, साहेब. ऑगस्टपासून.'

परभणी आलं तेव्हा पाय उचलले नाहीत. इथं उचलले. चौकशी पंधराला आहे, कार्ड खिशात आहे. परभणीची उलटी गाडी दोन चाळीसला.